पुढे थांबू

"थांब ना जरा. डावीकडे धबधबा आला बघ."

"पुढे थांबू," ती म्हणाली आणि तिने वेग तसाच ठेवला. धबधबा चांगला उंच होता, तुषार थेट काचेवर येत होते. तिने वायपर लावला आणि बस पुढे काढली. मागे खिडकीशी बसलेल्या नवऱ्याने नुसती मान हलवली. तिला आतून गार गार वाटलं.

बस भंगारात निघालेली होती. नवऱ्याने निवृत्त झाल्यावर ती उचलली. बाकं उपटून आत पलंग, ओटा, कपाटं, वर पाण्याची टाकी असं सगळं त्याने स्वतः समोर उभं राहून करून घेतलं. खिडकीचं एक बाक तेवढं ठेवलं, स्वतःसाठी. जन्मभर त्याने एकाच रस्त्यावर प्रवासी बस हाकली होती. देश बघायचा राहून गेला होता, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं होतं की काचबिंदू फार पुढे गेलाय, काय बघायचं ते लवकर बघून घ्या. चालवणार कोण, तर बायको. ती शाळेच्या मुलांची गाडी चालवायची, मोठ्या गाडीचा परवानाही तिने झटक्यात काढला. शेजारणी म्हणाल्या, बायको असावी तर अशी. ती नुसती हसली. शेजारणींना काय ठाऊक?

फार वर्षांपूर्वी तिची आई अत्यवस्थ होती तेव्हा ती नवऱ्याच्याच बसने माहेरी निघाली होती. रस्ता माहेरच्या दारावरूनच जायचा. दारात भाऊ उभा होता, दोन्ही हात वर करून. ती धडपडत पुढे गेली. "अहो, थांबवा. भाऊ हात करतोय."

"इथे थांबा नाही," नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "पुढे थांबू."

पुढे म्हणजे पार गावाबाहेरच्या स्टँडवर. तिथून ती उन्हातून पळत मागे आली तेव्हा आईचे डोळे भाऊ मिटत होता. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, एवढंच त्याने सांगितलं. त्या वर्षी कधीही उशीर न करणारा चालक म्हणून नवऱ्याला मानपत्र मिळालं. ते बैठकीच्या खोलीत लागलं, आणि त्याची काच पुसायचं काम तिच्याकडे आलं. ती ते मुकाट्याने करत राहिली. भांडली नाही, रडली नाही. डूख धरून बसली.

आता वेळ तिची होती. एका बाजूने तासभर समुद्र होता, ती थांबली नाही. बर्फाची शिखरं आली, ती थांबली नाही. नवरा दर वेळी म्हणायचा, "थांब ना," आणि दर वेळी ती त्याचेच दोन शब्द त्याला सव्याज परत करायची. जेवायला, झोपायला, डिझेलला थांबावंच लागे, पण जागा ती निवडायची. ट्रकतळ, पंपाची मागची बाजू, उकिरडे. एकदा तिने बस गोदामाच्या भिंतीला अशी चिकटवून लावली की खिडकीतून हात काढला तर खरचटेल. त्याने चहाचा कप चाचपत घेतला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बरी आहे जागा." टोमणा असणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला आणखी जोर चढला.

रोज सकाळी तो एका जुन्या सोबत्याला फोन लावायचा. सोबत्याने उमेदीच्या काळात या रस्त्यांवर ट्रक चालवले होते. "आज काय काय लागेल रे?" तो विचारायचा आणि मान हलवत ऐकून घ्यायचा. तीही कान देऊन ऐकायची. आज काय काय दाखवायचं नाही, ते तिला आयतंच कळायचं.

धबधब्यानंतर घाट उतरला. रस्ता सरळ झाला तसा मागून आवाज आला.

"उजवीकडे तळं आलं. काय निळंशार पाणी आहे! थांब ना जरा."

पुढे थांबू, हे शब्द तिच्या ओठावर आले होते. सहज तिने उजवीकडे पाहिलं. तळं कधीच आटलं होतं. भेगाळलेल्या चिखलात शेळ्या फिरत होत्या आणि मधोमध पोरं चेंडू खेळत होती.

तिने ब्रेक दाबला. कपाटातली भांडी खडखडली. ती उठून मागे गेली, नवऱ्याच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी हलली नाही.

"काय झालं? कोणी आडवं आलं का?" त्याने विचारलं. तो अजून चालकाच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बोलत होता.

"कधीपासून?"

"निघायच्या आधीच. एके दिवशी उठलो तर उजाडलंच नाही."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. समुद्र, बर्फ, धबधबा सगळं फुकट गेलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेला सूड तिने आंधळ्यावर उधळला होता. याने आपल्याला इथेही फसवलं, असं तिला वाटलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली.

"मग रोज उठून थांब, थांब कशाला म्हणत होतात?"

"त्या दिवशी तुझ्या भावाचे हात मला तुझ्या आधी दिसले होते," तो म्हणाला. "तुला एकदा पोटभर 'नाही' म्हणता यावं, म्हणून."