बायजाबाईचा आवाज

फोल्डर रिकामा होता. प्रशिकनं तो बंद करून परत उघडला. मग वाचनालयातल्या दुसऱ्या संगणकावर जाऊन पाहिलं. तिथंही काही नव्हतं.

उत्तर नागपुरातल्या या छोट्या वाचनालयात सरिताताईंनी कितीतरी वर्षं वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांचे आवाज जमवले होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला ज्या आईबापाचं बोट धरून गेल्या होत्या, त्यांच्या आठवणी, त्यांची गाणी. जुनी हार्ड डिस्क कुरकुर करायला लागली, तेव्हा प्रशिक म्हणाला, मी सगळं क्लाउडवर नेऊन देतो. मिहानमधल्या आयटी कंपनीत तो हेच काम करायचा. साठा एकच राहील, पण वाचनालयातल्या सगळ्या संगणकांवर आणि पुढे गाणी लिहून काढणार होत्या त्या मुलींना घरूनही एकाच वेळी ऐकता येईल. तो साठा प्रत्येकाला जोडून देणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, तेवढा नीट बसवायचा होता.

सगळं वर चढलं आणि त्याच आठवड्यात डिस्क कायमची बंद पडली. "वेळेवर वाचलं गा सारं," सरिताताई म्हणाल्या होत्या.

आज दुपारी त्यानं चाचणीपुरती केलेली जोडणी काढली, पक्की करण्यासाठी. जोडणीसोबत साठाही गेला. जोडणी काढल्यावर साठा ठेवायचा की पुसायचा, हे सेटिंगमध्ये एका ओळीत सांगावं लागतं. सांगितलं नाही तर हा ड्रायव्हर पुसून मोकळा होतो. ऑफिसात नव्या मुलांना प्रशिक सर्वात आधी हीच ओळ दाखवायचा. इथं घरचंच काम म्हणून घाईत राहून गेली. बॅकअप तो पक्क्या जोडणीनंतर सुरू करणार होता.

क्लाउड कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी फोनवर फार गोड बोलली. पुसलेलं परत येत नाही, एवढंच तिच्या बोलण्यातून निघालं.

त्यानं सांगितलं तेव्हा सरिताताई खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. एकेक नाव तोंडातल्या तोंडात घेत गेल्या.

"कांताबाईचं परत घेता येईन. सिंधूताईले तर आता बोलताच येत नाही." मग पुढची नावं आली आणि त्या थांबल्या. पुढच्या बाया आता हयात नव्हत्या.

तेवढ्यात देवराव आले. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची आई, बायजाबाई, मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते इथं यायचे, कानाला हेडफोन लावून तिचं गाणं ऐकायचे आणि कोणाशी फारसं न बोलता घरी जायचे.

"जय भीम. लाव गा मायचं गाणं," ते नेहमीच्या खुर्चीत बसत म्हणाले.

"काका," प्रशिक म्हणाला, "गाणं गेलं."

"कुठं गेलं?"

"पुसल्या गेलं. माझ्या हातून. सगळ्यांचंच."

देवरावांनी सरिताताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली.

"तुमच्या फोनमध्ये असेल ना, काका? एखादं तरी?"

"फोनमध्ये काहून ठेवू? फोन हरपते, फुटते. इथं पक्कं आहे म्हणून मी घेतलंच नाही." त्यांनी टेबलावरचा हेडफोन उचलला, हातात धरला, परत ठेवला. "मागच्या साली गेली तेव्हा खांदा तरी देता आला गा मले."

प्रशिकला माफी मागायची होती. शब्द तोंडापर्यंत आले, पण त्या मदत केंद्रावरच्या मुलीचा गोड आवाज आठवला आणि त्याला ते म्हणवेना. आपलं म्हणणंही तसंच पोकळ वाटलं असतं. देवराव उठून दारापर्यंत गेले. चप्पल घालायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं की ते रडत आहेत.

सरिताताई जवळ गेल्या. "देवरावभाऊ, तुमाले तं येत असन ते गाणं. एवढ्या वेळा ऐकलं. तुमीच म्हणा. आपण तुमच्या आवाजात ठेवू."

"मले कुठं गाता येते, ताई."

"जसं येते तसं."

ते तिथंच दारात बसले. मग डोळे पुसून आत आले. प्रशिकनं माइक त्यांच्यापुढे ठेवला. तो तिरपा राहिला, देवरावांनीच सरळ केला.

त्यांचा आवाज घोगरा होता. सूर लागत नव्हता, तरी चाल आईचीच होती.

"पांढरं लुगडं मायचं, पांढरं धोतर बापाचं,
बंडी निघाली वं बाई, वाट धरली नागपूरची..."

ते थांबले. खाकरले, डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लुगडं आलं, धोतर आलं, बैलबंडी निघाली, नागपूरच्या वाटेला लागली. पुन्हा तिथंच थांबली. त्यांचे ओठ हलत राहिले, पण आवाज आला नाही.

सरिताताई वाट पाहत होत्या. प्रशिक वर पाहत नव्हता.

"याच्या समोरच्या ओळी," देवराव म्हणाले, "मायलेच येत होत्या."