एका टेबलावरची दोन पाकिटं

"नाही करत सही! बायकोचं मत माझं खोडतं, माझं तिचं. मग उगीच कागद कशाला रंगवायचे?" असं म्हणून लाइल हॅगर्टीने जाळीचं दार व्हर्नाच्या नाकासमोर लावून घेतलं.

व्हर्नाने कपाळावर हात मारला. चार वाजायला आले होते. पाचच्या ठोक्याला काउंटीच्या निवडणूक कचेरीची खिडकी बंद होणार, आणि कचेरी इथून पंचवीस मिनिटांवर. गेले सहा दिवस ती हेच करत होती. टपालाने आलेल्या ज्या मतांच्या पाकिटांवरची सही जुळली नव्हती, त्या मतदारांच्या दारी जायचं आणि दुरुस्तीच्या कागदावर सही घ्यायची, नाहीतर मत बाद. कुणी तिला झाडू विकणारी समजलं, कुणी कुत्रा अंगावर सोडला. अशी त्रेचाळीस पाकिटं तिने मार्गी लावली. सगळ्या काउंटीत उरली ती ही दोन. लाइलचं आणि त्याच्या बायकोचं, डोरीनचं.

आणि चूक तरी कसली! चाळीस वर्षांच्या रिवाजाने दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून मतं भरायची. एकमेकांचं दिसू नये म्हणून मध्ये कॉर्नफ्लेक्सचं खोकं उभं करायची. यंदा तिथेच भांडण पेटलं. रागाच्या भरात हाताला लागलं ते पाकीट घेऊन त्याने तिच्या पाकिटावर सही ठोकली, तिने त्याच्या. त्याच संध्याकाळी डोरीन उशी बगलेत मारून अंगणातल्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, राहायला गेली.

भांडण होतं अँब्युलन्सवरून. काउंटीत ती एकच, आणि हॉस्पिटल नव्वद मैलांवर. ती चालू ठेवायला थोडा कर वाढवायचा की नाही, यावर मत द्यायचं होतं. लाइलच्या पायरीशी बोर्ड होता 'करवाढ नको', डोरीनच्या ट्रेलरपाशी 'अँब्युलन्स वाचवा'. मोजणी बरोबरीत अडली होती. जेवढे हो, तेवढेच नको. बरोबरी राहिली तर करवाढ नाही, म्हणजे अँब्युलन्स बंद.

व्हर्नाच्या घरी ऑरिन होता, तिचा नवरा, नाकात ऑक्सिजनची नळी लावून बसलेला. तिला ती अँब्युलन्स जिवापाड हवी होती. पण छातीवर मतदारांना मदत करणाऱ्या मंडळाचा बिल्ला होता, 'आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही'. हा बिल्ला लावला की मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही, आणि एकाला जे सांगितलं ते दुसऱ्यालाही सांगायचं. अठरा वर्षं व्हर्नाने हेच नियम नव्या बायकांना घोकून घेतले होते.

ती अंगण तुडवत ट्रेलरपाशी गेली. सकाळी डोरीननेही नाहीच म्हटलं होतं. "सही केली म्हणजे चूक कबूल केली. माझी चूक नाहीच मुळी!"

आता तिने दार अर्धवट उघडलं. "काय म्हणतोय म्हातारा?"

"सही करत नाही म्हणतो."

"करत नाही?" डोरीनचे डोळे चमकले. "म्हणजे माझं एकटीचंच मोजतील? अगं मग बघतेस काय, आण तो कागद!"

सही झाली. व्हर्ना गाडीत येऊन बसली. सव्वाचार. किल्ली फिरवली की झालं. एका मताने अँब्युलन्स वाचत होती. लाइलला तिने विचारलं होतं, तो स्वतःच्या तोंडाने नाही म्हणाला होता. तिला कोण बोल लावणार? तिने किल्ली फिरवलीसुद्धा. गाडी दोन हात पुढे गेली आणि तिने कचकन ब्रेक दाबला.

"आग लागो या बिल्ल्याला!" ती ओरडली आणि पाय आपटत पुन्हा लाइलच्या दारी गेली.

तिने दारावर थाप मारायच्या आत दार उघडलं. लाइल चष्मा लावून, पेन हातात घेऊन उभा होता.

"केली तिने?"

"केली. तुला सांगायचा नियम आहे, म्हणून आले. तुझा विचार बदलला असेल तर—"

"आण इकडे." त्याने कागद दाराच्या चौकटीवर टेकवून सही केली.

झाली बरोबरी! अँब्युलन्स गेली. व्हर्नाच्या तोंडचा लगाम सुटला. "मघाशी नाही म्हणालास, आता कसा रे तयार झालास? जीव काढलात दोघांनी माझा!"

"मघाशी मी हो म्हणालो असतो, तर तिने सही केली असती?" लाइल पेनाला टोपण लावत म्हणाला. "चाळीस वर्षांत माझ्या होला ती एकदा तरी हो म्हणालीय का?" त्याने ट्रेलरकडे पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "गेल्या थंडीत तिच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स अकरा मिनिटांत दारात. मी घड्याळ बघत होतो, व्हर्ना. त्यानंतर मी अँब्युलन्सला नको म्हणेन होय? बोर्डाचं काय, तो भांडायला बरा पडतो."

"मला काही सांगू नकोस!" व्हर्नाने कानांवर हात ठेवले, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "अरे पण मी परत आलेच नसते तर? तिचा कागद घेऊन तशीच निघून गेले असते तर तुझं मत गेलं असतं!"

"ऑरिनचं मला ठाऊक आहे. दुसरी कुणी असती तर गेलीच असती," लाइल म्हणाला. "तुझ्या छातीवर तो बिल्ला दिसला, म्हणून तर नाही म्हणायची हिंमत केली."