पाचवं वाक्य

"काका, एक वाक्य राहिलंय." बाईंनी तपासलेला पेपर फिटरपुढे सरकवला.

कारखान्यातल्या कामगारांचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुटत आला होता. फळ्यावर ‘गिव्ह अप’ लिहिलेलं आणि त्याखाली पाच अर्थ: सवय सोडणे, हार मानणे, आपली जागा दुसऱ्याला देणे, स्वतःहून हवाली होणे, कुणाची आशा सोडणे. प्रत्येक अर्थाचं एक वाक्य, तेही आपल्या घरातलं, अशी बाईंची अट होती.

फिटरने चार लिहिली होती.

"पहिलं मोठ्यांदा वाचा की," मागच्या बाकावरून ड्रायव्हर म्हणाला. "म्हणे विडी सोडली! मग दुपारी गेटवर धूर कोण काढत होतं?"

"लिहिलं तेव्हा सोडलेली होती."

वर्ग हसला आणि हसतच बाहेर पडला. फिटर बसून राहिला.

"एकोणचाळीस मार्क झालेत, पास व्हायला चाळीस लागतात," बाई म्हणाल्या. "सोमवारी दाखला दिला नाही तर फोरमनची जागा हातची जाईल. हे घ्या पेन. अर्थ येतो ना?"

"येतो."

"मग अडलं कुठं?"

त्याने पेन बोटांत फिरवलं. "पोरगा घरातून निघून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. आम्ही खोलीसुद्धा बदलली नाही. त्याला हाच पत्ता ठाऊक आहे."

बाईंनी फळ्यावरच्या पाचव्या अर्थाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शेजाऱ्यांचं लिहा काहीतरी. मी बरोबर देते."

"बायकोला अक्षर येत नाही. मी लिहिलेलं सगळं मला तिला वाचून दाखवावं लागतं, वर अर्थही सांगावा लागतो. वाक्य शेजाऱ्याचं लिहीन हो. अर्थ कुणाचा सांगू?"

"मग राहू द्या. मी एक मार्क वाढवून देते."

"चाळिसावा कशाचा, हे ती विचारल्याशिवाय राहायची नाही." त्याने पेन परत केलं. "एकोणचाळीसच असू द्या. पुढच्या परीक्षेला बसतो."

"आणि पुढच्या वेळीही हाच प्रश्न आला तर?"

फिटरने पेपराची घडी घातली आणि उठला.

"येऊ दे की, बाई. मीही येईन."