चुन्याचे दोन हात

"हे त मी दर दसऱ्याले करतो," गुलाबराव म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

समोर भिंतीएवढी पांढरी फळी टांगली होती. पांढरी म्हणजे नुसती पांढरी. तिच्यावर ना माणूस, ना झाड, ना एखादी रेघ. बंगळुरूच्या त्या थंडगार कलासंग्रहालयात लेकीनं, मंजुश्रीनं, त्यांना सकाळपासून फिरवलं होतं. गंजके पत्रे पाहून झाले, दोरीला बांधलेले दगड पाहून झाले. त्यातलं काही कळत नाही म्हणून गुलाबराव गप्प होते. पण चुन्यातलं त्यांना कळत होतं. हात सारखा बसला आहे, कुंच्याची रेघ कुठं राहिली नाही, असं त्यांनी अगदी नाक लावून तपासून सांगितलं. शेजारच्या दोन पोरी वळून पाहू लागल्या तशी मंजुश्रीनं त्यांची बाही ओढली.

खरं तर ते बंगळुरू पाहायला आलेच नव्हते. चिखलीजवळच्या त्यांच्या गावी आज जुनं स्वयंपाकघर पाडायचं होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती काढून त्यांचा मुलगा देवानंद तिथं स्लॅबची खोली बांधणार होता. आशाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बायकोचा सगळा जन्म ज्या चार भिंतींत गेला, त्या पडताना आपल्याच्यानं बघवणार नाही, हे गुलाबरावांना ठाऊक होतं. मी नसताना उरकून टाक, असं मुलाला सांगून ते लेकीकडं निघून आले होते.

माहिती सांगणारी मुलगी हिंदीत बोलत होती. चित्रकारानं म्हणे या एकाच फळीवर अकरा वर्षं चित्रं काढली. एक पुरं झालं की त्यावर पांढरा रंग, मग दुसरं. तिनं खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथला तळहाताएवढा रंग मुद्दाम खरवडला होता. आत थरावर थर दिसत होते. पांढऱ्याखाली लाल, मग पुन्हा पांढरा, मग पिवळा.

गुलाबराव वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"म्हंजे खालचं गेलं नाई?" त्यांनी लेकीला विचारलं.

"कुठी जाईन, बाबा? झाकलं हाये फक्त. मिटवलं थोडीच."

गुलाबरावांचं हसू मावळलं. दर नागपंचमीला आशाबाई चुलीसमोरच्या भिंतीवर गेरूनं चित्र काढायची. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, तेवढीच तिला सवड. काडीला कापूस गुंडाळून ती दुपारभर भिंतीशी बसायची. गावात सगळ्याच घरी काढत. नाग, नागाची पिल्लं आणि कहाणीतला तो नांगर धरलेला शेतकरी. झालं की ती हाक मारायची, जरा पाहून घ्या म्हणायची. गुलाबराव ओसरीवरूनच चांगलं झालं म्हणायचे. श्रावणात शेतात फवारणी असते, त्यांना कुठला वेळ! मग दसऱ्याच्या आधी ते शिडी लावायचे, चुन्यात नीळ कालवायचे आणि चित्राकडं धड न बघताच त्या भिंतीवर दोन हात मारायचे. घरातलं एवढं एक काम ते स्वतः करत आणि त्याचा तोरा वर्षभर मिरवत. शिडी आशाबाई धरायची.

अशी चौतीस वर्षं गेली होती. शेवटच्या वर्षी तिनं आजारपणात, मध्ये मध्ये टेकत, दोन दिवस लावून चित्र काढलं. यंदाचं राहू द्या, एवढंच ती म्हणाली होती. सणासुदीला भिंत घाण दिसते, असं सांगून गुलाबरावांनी शिडी लावली होती. तिनं उठून नेहमीसारखी शिडी धरली. हे आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. काय बिघडलं असतं एक वर्ष भिंत तशीच ठेवली असती तर!

पण खालचं गेलेलं नव्हतं. चौतीसच्या चौतीस चित्रं त्या भिंतीत होती. ते जवळजवळ धावतच बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि देवानंदला फोन लावला. त्यानं तिसऱ्या वेळी उचलला. मागं जेसीबी घरघरत होता.

"देवा, ते चुलीसमोरची भित पाडू नको. काहीबी कर, पन पाडू नको."

"सकाळीच पाडली, बाबा. माती भरावातबी गेली, नव्या खोलीच्या."

गुलाबराव तिथल्या बाकावर बसले. दोष कुणाला द्यायचा? आपणच तर उरकून टाक म्हणालो होतो. पलीकडून देवानंदच हळूच सांगू लागला. भिंत पडताना चुना पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटला. दर पापुद्र्यावर आईचं गेरूचं काम होतं. त्यानं पाच-सहा उचलून पाहिले, पण हातातच त्यांचा चुरा झाला.

चौतीस वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते गुलाबरावांनी आता मुलाला विचारलं.

"काय काढे रे तुयी माय?"

"नाग त होतेच, बाबा. पन कहानीतला नांगरवाला एकातबी नाई दिसला. त्याच्या जागी शिडीवर चढेल मानूस होता, हातात कुंचा घेऊन. आन खाली शिडी धरून एक बाई."