तळातला बद्द आवाज

“थर असे बसव, की मध्ये वाराही शिरायला नको. शिरला, तर चीर आतल्या आत चालत जाते आणि वरचा रंग हसत राहतो.” फायबरच्या होड्या बांधायला शिकवणाऱ्या उस्तादांचं हे बोलणं हरेश्वरला चाळीस वर्षांनी आठवलं.

नव्या होडीवर तो रुपयाने टकटक करत होता. सगळीकडे नाणं खणखणलं, तळाशी मात्र भोपळ्यासारखा बद्द आवाज आला. तिथे रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, भिजवून बसवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर सुटले होते, आणि होडी पाण्यात जायच्या आधीच चीर हातभर प्रवास करून आली होती.

“रेझिन चांगलं, मॅट चांगलं. म्हणजे माझाच हात बिघडला,” तो बायकोला म्हणाला. “उद्यापासून कारखाना बंद. साचे विकून टाकू.”

वैजयंतीने त्याच्या हातातला रुपया काढून घेतला.

“हात नाही बिघडला तुमचा,” ती म्हणाली. “पहिला थर सुकत होता, तेव्हा मी त्यावर पापड वाळत घातले होते. तेल लावलेले. त्या तेलावर पुढचा थर कसा धरेल?”

“पापडांना रेझिनचा वास नाही लागला?”

“लागला की. तुम्हीच म्हणालात, यंदा हिंग झकास पडलाय.”