एकोणीस बिल्ले

रस्त्याकडेच्या नव्या स्मारकफलकावरचं कापड अध्यक्ष क्लाइडने ऐटीत ओढलं, जणू केंटकीचा कोळसा त्यानेच खणला होता. खाणस्फोटात एकोणीस जण मेले, हे एका ओळीत उरकलेलं. खाली अध्यक्षासकट समितीच्या सातजणांची नावं मात्र ठसठशीत. "मेलेल्यांची नावं कुठायत रे?" ओलेटाकाकूने विचारलं. तिचा नवरा त्यांतलाच. "जागा पुरली नाही, काकू." काकूने पर्समधून पितळी बिल्ले काढले. आमच्याकडे खाणीत उतरताना प्रत्येक जण आपल्या नावाचा बिल्ला बाहेरच्या फळीवर टांगायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. हे एकोणीस काढायला कुणी वर आलंच नव्हतं. तारेत ओवलेले ते बिल्ले काकूने फलकावर असे टांगले, की समिती पार झाकली गेली. "काकू, आमची नावं दिसत नाहीत," क्लाइड कळवळला. "फळीवर नाव आत उतरलेल्याचं असतं," काकू म्हणाली. "तू कधी उतरलास?"