फळीचं दुसरं टोक

"रंधा असा बसता ठेवू नका," रोझी म्हणाली. "कुशीवर ठेवा. खालचं पातं टेबलाला टेकलं की धार जाते."

हर्षलनं घाईघाईनं रंधा कुशीवर निजवला. "मावशी, तुम्हीपण सुतारकाम करायच्या?"

"छे! कधी हात नाही लावला. हे म्हणायचे, तेच तोंडात बसलंय."

हे म्हणजे शांतवन सर. शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की भिंगारच्या या घरामागे, पत्र्याच्या खोलीत, लाकूड घेऊन बसायचे. निव्वळ हौस. लेकीचा, एंजेलाचा पाळणा त्यांनी इथंच केला, चर्चमधला बायबलचा स्टँडही इथंच. गेल्या पावसाळ्यात सर गेले. मग पुण्याहून एंजेलाचा फोन आला, "मम्मी, हत्यारं गंजून जातील. कुणा हौशी माणसाला देऊन टाक." ओळखीतून हर्षलचं नाव निघालं. एमआयडीसीत नोकरी, सावेडीत फ्लॅट, आणि बाल्कनीत मांडायला घेतलेलं छोटंसं वर्कशॉप. शनिवारी दुपारी तो गाडी घेऊन आला.

रोझी एकेक वस्तू पुढं करत होती आणि तो जुन्या चादरीत गुंडाळत होता.

"पटाशी चालवताना दुसरा हात कधी पुढं ठेवायचा नाही, मागं ठेवायचा. कामाचं टेबल बनवाल तेव्हा ताठ उभं राहून हात खाली सोडा. मनगट जिथं येईल, तेवढी उंची. नाहीतर कंबर जाते. हा मेणबत्तीचा तुकडा पण न्या. करवतीला घासला की ती अडत नाही. चर्चमधून उरलेल्या मेणबत्त्या आणायचे हे. पास्टरसाहेब चिडवायचे, शांतवन, तुझ्या करवतीची रोज प्रार्थना चालते वाटतं."

ती हसली आणि मग उगाच पदरानं टेबल पुसायला लागली.

हर्षलनं भिंतीवरची करवत काढली. "एकदा चालवून बघू?"

कोपऱ्यात जुन्या बाकाची सागवानी फळी होती. त्यानं ती टेबलावर आडवी टाकली, निम्मी बाहेर ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि कापायला लागला. लाकडाचा वास सुटला. बंद खोलीत इतके महिने तो वास नव्हता. रोझी दारातच थांबली.

काप संपत आला तशी बाहेरची बाजू खाली झुकायला लागली. हर्षलच्या ते लक्षात आलं नाही. रोझी मात्र कधी पुढं झाली आणि कधी तिनं फळीचं टोक दोन्ही हातांवर घेतलं, हे तिलाही कळलं नाही.

"थांबू नका. चालवा," ती म्हणाली.

तुकडा अलगद तिच्या हातात आला. कडेला साधं कुसळही उठलं नव्हतं.

"संस्कृतीनं धरलं होतं एकदा असं," हर्षल म्हणाला. "माझी बायको. करवत मध्येच अडकली. दोन दिवस बोलत नव्हतो आम्ही."

"तिनं उचलून धरलं असेल. उचललं की चीर मिटते, करवत आवळली जाते. सोडून दिलं की फळी फाटते. नुसतं वजन घ्यायचं."

"हे व्हिडिओत कुणी सांगत नाही."

"व्हिडिओतल्या माणसाला धरायला कुणी नसेल."

ती तुकड्याकडे बघत राहिली. "रोझे, टोक धर गं जरा! दिवसातून किती वेळा हाक मारायचे हे. गॅसवर डाळ असायची, हात पिठाचे असायचे. मी म्हणायची, तुमचं जरा म्हणजे अर्धा तास. आणि यायची."

हर्षलनं दुसरी रेघ मारली आणि करवतीची मूठ तिच्यापुढं धरली. "मावशी, आता तुम्ही कापा. मी धरतो."

"वेडे का काय तुम्ही?"

"बघा तरी."

मूठ एका जागी गुळगुळीत झिजली होती. रोझीची बोटं त्या जागेपर्यंत पुरत नव्हती. पहिल्यांदा करवत उडाली. "आधी मागं ओढायची," ती स्वतःलाच म्हणाली आणि ओढली. मग पुढं. पुन्हा मागं. बांगडी मुठीवर वाजत होती. बराच वेळ झाला तरी फळी निम्मीसुद्धा कापली गेली नव्हती. तिचा श्वास चढला. खांद्यातून कळ आली.

"एवढा जोर लागतो?" ती थांबून म्हणाली. "तिकडून बघताना कधी वाटलं नाही हो. गप्पा मारत कापायचे."

तिचे डोळे भरून आले. हर्षलनं टोक सोडलं नाही, घाईही केली नाही. तिनं नाक पुसलं आणि पुन्हा करवत धरली. काप रेघ सोडून भलतीकडं गेला, पण तुकडा सुटला. वाकडातिकडा, एका बाजूला फाटलेला. रोझीनं तो उजेडाला धरून बघितला आणि मोठ्यानं हसली. अशी ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

उन्हं कलली तेव्हा गाडीत सगळं बसलं. रंधा, पटाश्या, गुण्या, खिळ्यांचे डबे. हर्षलनं करवतीसाठी हात पुढं केला.

रोझीनं ती दिली नाही.

"ही राहू दे," ती म्हणाली.

हर्षलनं मान हलवली. गाडीचं दार लावता लावता तो थांबला. "मग उद्या येऊ का, मावशी? धरायला?"

रोझीनं त्याच्याकडे बघितलं. केसांत, ब्लाउजवर, चपलांवर तिच्या सगळा भुसा होता.

"चर्च सुटल्यावर ये," ती म्हणाली. "आणि लाकूड तुझं आण. हे मी बिघडवलंय."